टाकी नंबर चारचा वास

चेतना सरवदे वाइन करते, ही गोष्ट घाटकोपरला पंतनगरातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि कोणीही ती तशी म्हणत नव्हतं. तिची आई शकु 'ज्यूसच्या फॅक्टरीत आहे' असं सांगायची. वडील धोंडिराम 'द्राक्षांवर प्रक्रिया' असं सांगायचे. प्रक्रिया हा शब्द त्यांनी पाणी खात्यातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत भरपूर ऐकला होता, आणि त्या शब्दानंतर सहसा कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. समोरच्या फ्लॅटमधला बाळा पेडणेकर तेवढा 'आमची दारूवाली' म्हणायचा. पण तो ते कौतुकाने म्हणायचा, त्यामुळे ते जास्तच लागायचं.

धोंडिरामांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी विहारात पंचशील घेतलं होतं आणि तेव्हापासून ते रोज सकाळी म्हणत आले होते. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. पहिल्या चारांबद्दल माणूस स्वतःशी थोडी हुज्जत घालू शकतो, निदान मुंबईत राहणारा तरी. पाचव्याबद्दल धोंडिरामांनी कधीच घातली नाही. खोकल्याचं औषध घेतानाही ते बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायचे. अशा माणसाच्या मुलीने सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं आणि ते सूक्ष्मजीव तिला थेट दिंडोरीजवळच्या एका लहान वायनरीत घेऊन गेले. धोंडिराम रागावले नाहीत, रडले नाहीत, बोलणंही टाकलं नाही. त्यांनी फक्त विचारणं बंद केलं. सात वर्षं ते दर रविवारी फोनवर विचारत, "तिकडे पाणी कसं आहे?" ती म्हणे, "चांगलं आहे, पप्पा." वाइनच्या धंद्याबद्दल त्यांना असलेली माहिती एवढीच.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी चेतना घरी आली. तिच्याबरोबर टॉवेलांत गुंडाळलेल्या पाच बाटल्या होत्या आणि नाक नव्हतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं. पण बारा दिवसांपूर्वी तिला ताप आला होता, आणि ताप गेला तो वास घेऊन गेला. कांदा कळत नव्हता, रॉकेल कळत नव्हतं. वाइन करणाऱ्याचं नाक जाणं म्हणजे गवंड्याचा ओळंबा हरवण्यासारखं आहे. भिंत उभी राहते, पण कशी ते शेजाऱ्यांकडून कळतं.

आणि नेमकी आत्ताच भिंत उभी करायची होती. वायनरीतली टाकी नंबर चार म्हणजे चार हजार लिटर शिराझ. चेतनाने द्राक्षं तोडल्या दिवसापासून एकटीने सांभाळलेली पहिली रेड वाइन. बाटलीच्या मागच्या लेबलवर तिचं नाव छापू, असं मालक हर्षदने कबूल केलं होतं. मग हर्षदने तिचा नमुना कुरियरने फ्रान्सच्या सल्लागाराकडे पाठवला. सल्लागार आठ महिन्यांत दिंडोरीला फिरकले नव्हते, पण त्यांनी व्हिडिओ कॉलवर नाक मुरडलं आणि सांगितलं, हिला सडक्या अंड्याचा वास आहे, तो मुरलेला आहे, आता निघायचा नाही, सगळी टाकी ब्रँडीवाल्याकडे पाठवा. हर्षदने चेतनाला सोमवार अकरापर्यंत वेळ दिला. ठेवायची म्हणालीस तर कारण सांग. पाठवायची झाली तर पुढल्या वर्षापासून रेडचं काम सल्लागारांच्या माणसाकडे.

कारण सांगायला वास घ्यावा लागतो. वायनरीत चेतनाशिवाय दोन नाकं होती. एक हर्षदचा भाचा मुकुल. त्याला प्रत्येक वाइनमध्ये रानबेरीचा वास यायचा. रानबेरी त्याने आइस्क्रीमच्या डब्यावरच्या चित्रात पाहिली होती. दुसरं नाक खुद्द हर्षदचं. असा अंड्याचा वास कधी कधी तांब्याच्या दोन-तीन थेंबांनी निघून जातो, मुरलेला असला तर मात्र जात नाही. म्हणून चेतनाने एका ग्लासात तांब्याचं द्रावण घालून, दुसऱ्यात न घालता, दोन्ही ग्लास हर्षदपुढे धरले होते. हर्षदने दोन्ही हुंगले आणि 'सेमच आहे' म्हणून सांगितलं. त्या वेळी तो तंबाखू मळत होता.

त्यामुळे चेतनाने मनातून निम्मी हार मानली होती. तिला फक्त आपल्या माणसाकडून ऐकायचं होतं, वास आहे की नाही.

"पप्पा, एक काम होतं."

"बोल."

"वास घ्यायचाय. चार वाइन आहेत."

शकुने उठून आधी दार लावलं, मग खिडकी, मग पंखा बंद केला. पंख्याचा काय संबंध, ते कोणी विचारलं नाही.

धोंडिरामांचं नाक खात्यात प्रसिद्ध होतं. दूषित पाण्याची तक्रार आली की इंजिनिअर साहेब नमुना घेऊन जात आणि तीन दिवसांनी रिपोर्ट येई. धोंडिराम नळ सोडून ओंजळ नाकाशी नेत आणि तिथल्या तिथे सांगत, तिसरी गल्ली, शिंप्याच्या दुकानाखाली. खणलं की गळती तिथेच निघायची. साहेब लोक रिपोर्टची वाट तरीही बघत, कारण नाकाला आवक-जावक नंबर देता येत नाही.

"प्यायची नाही ना?" धोंडिरामांनी विचारलं.

"तोंडालाही लावायची नाही."

"तोंडाला न लावता कळतं?"

"तुम्हाला कळेल."

धोंडिराम उठून गॅलरीत गेले. दहा मिनिटं ते समोरच्या टॉवरकडे बघत उभे होते. परत आले तेव्हा निर्णय झालेला होता.

"पिण्यापासून दूर राहीन, असं शील आहे. हुंगण्याबद्दल त्यात काही नाही." मग ते काटेकोर गृहस्थ असल्यामुळे त्यांनी पुढे जोडलं, "वास घेईन. पण आनंद घेणार नाही."

"नका घेऊ," चेतना म्हणाली.

तिने पिशवीतून पातळ काचेचे ग्लास काढले. शकुने तोवर स्टीलचे पेले आणून ठेवले होते, ते चेतनाने मागे सारले. एवढ्यात दारावर थाप पडली. बाळा पेडणेकर. विमा कंपनीतून गेल्या वर्षी निवृत्त झालेला, मूळचा कुडाळकडचा. वडील गिरणीत होते तेव्हापासून कोणाच्या घरी बाटलीचं झाकण फिरलं की या घराण्यातल्या पुरुषांना ते कळत आलेलं आहे.

"काय गो चेतना, कधी इलंस? दार कशाक लावलात?"

"डास," शकु म्हणाली.

"दुपारी अडीच वाजता?" बाळा टेबलाकडे बघून खुर्चीत बसला. "बराच मोठो डास दिसता."

धोंडिरामांनी डोळे मिटून पहिला ग्लास नाकाशी नेला.

"लोखंड. नवा पाइप टाकला की पहिले दोन दिवस येतो तसा."

चेतनाने लिहून घेतलं. ती कॅबर्ने जातीच्या द्राक्षांची वाइन होती, आणि हे वर्णन परदेशी मासिकांत येतं त्यापेक्षा बरंच स्पष्ट होतं.

दुसरा ग्लास. "हा बरा आहे."

"बरा म्हणजे कसा?"

"बरा म्हणजे बरा. लोकांनी तक्रार केली नसती."

तिसरा. "ओलं लाकूड."

"लाकडाच्या पिंपातली आहे."

"मग बरोबर आहे. लाकडात ठेवता कशाला? टाकी असताना?"

या प्रश्नावर वाइनच्या जगात जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत. चेतना नुसतीच हसली आणि चौथा ग्लास पुढे केला.

धोंडिरामांनी तो हुंगला. ग्लास खाली ठेवला, बाहीचा वास घेऊन नाक मोकळं केलं, पुन्हा उचलला.

"साचलेलं पाणी," ते म्हणाले. "गल्लीच्या टोकाला लाइन संपते ना, पुढे जोडणी नसते. पाणी येतं आणि तिथे उभं राहतं. मग असा वास मारतो. लोक म्हणतात, गटार मिसळलं. गटार नसतं ते. पाणी खराब नाही, पाणी कंटाळलेलं असतं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"टोकाची झडप उघडून सोडून द्यायचो. वाहतं झालं की वास जातो."

"आणि नाही गेला तर?"

"तर गटार."

चेतनाने वहीत काही लिहिलं नाही. कंटाळा की गटार, हेच सल्लागाराच्या आणि तिच्यामधलं भांडण होतं, आणि त्यावर हर्षदच्या नाकाने 'सेमच आहे' असा शिक्का मारलेला होता.

"म्हणजे वास आहे," ती म्हणाली.

"आहे."

"मग पाठवायला लागणार टाकी."

बाळाला दुःख बघवत नाही, विशेषतः ते भरलेल्या ग्लासांशेजारी बसलेलं असेल तर. त्याने पहिले तीन ग्लास क्रमाने संपवले.

"काका, चव बघून थुंकायचं असतं," चेतना म्हणाली.

"थुंकूक? मी काय पान खाल्लंय?" मग त्याने चौथा तोंडाला लावला आणि थांबला. बाळा थांबला, ही घटना शकुने नंतर बरेच दिवस सांगितली. "अंडा उकडूक घातला नि कोणतरी इसारला," तो म्हणाला, आणि तोही संपवला, कारण टाकणं त्याच्याच्याने होईना.

त्या संध्याकाळी चेतना लवकर झोपली. चार नंबरच्या दोन बाटल्या होत्या, एक अर्धी झालेली आणि एक न उघडलेली. बाकीच्या तिघींबरोबर त्या ओट्यावर राहिल्या.

रविवारी सकाळी धोंडिराम विहारात जाऊन आले, खिचडी खाल्ली आणि म्हणाले, "आण त्या बाटल्या."

"कशाला, पप्पा? सांगितलंत ना काल."

"एका वासावर तक्रार बंद करत नाहीत. काल घेतला, आज परत घ्यायचा. नियम आहे."

तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो धोंडिरामांचा स्वतःचा होता, आणि एकतीस वर्षांत तो मोडायला त्यांना कोणी भाग पाडू शकलं नव्हतं. चेतनाने बाटल्या आणल्या. पहिल्या तिघींबद्दल ते कालचंच बोलले, शब्दही तेच. मग चार नंबरची अर्धी बाटली.

"आहे."

मग चार नंबरची दुसरी बाटली.

"गेला."

"काय गेला?"

"वास गेला. ह्यात नाही."

"पप्पा, दोन्ही चारच आहेत. एकाच नळातून भरल्यात मी, एकापाठोपाठ."

"असतील. हिच्यात आहे, तिच्यात नाही."

चेतनाने दोन्ही ग्लास नाकाशी नेले आणि मग तिला आठवलं की त्याचा उपयोग नाही. ती समोर जाऊन बाळाला घेऊन आली. बाळाने धोंडिरामांना पाठ करून बसवलं, चार ग्लास भरले, खालीवर केले, कागदावर खुणा केल्या आणि एक-एक पुढे दिला. आहे. नाही. नाही. आहे. चारही बरोबर. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर.

"ह्याचा अर्थ काय?" बाळाने विचारलं.

"अर्थ असा की मी बाटली भरताना घोळ केला," चेतना म्हणाली. "दुसऱ्याच टाकीची भरली. लेबल चारचं लावलं." ती स्वतःवर एवढी चिडली होती की तिचा आवाज अगदी हळू झाला.

"नायतर ह्याचा नाक गेला," बाळा म्हणाला. "चेतनाची सर्दी लागली तुका, सरवदे. वय झाला."

हे धोंडिरामांना लागलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले, फळीवरचा एक डबा उघडून हुंगला, आणि तिथूनच म्हणाले, "हा हिंग दोन दिवाळ्यांपूर्वीचा आहे."

"तीन," शकु म्हणाली. ती पोळ्या लाटत होती. "आणि त्या बाटलीला काय झालंय काय? चांगली घासून ठेवली मी."

बाहेर कोणाला ते नीट ऐकू आलं नाही. धोंडिरामांना आलं.

"घासलीस म्हणजे?"

"वास मारत होती म्हणालात ना काल? दोन-दोन बाटल्या. म्हटलं, एक तरी बघावी. वास बाटलीचा असतो, आतल्या मालाला कशाला नावं ठेवायची. रात्री ते तांब्याच्या हंड्यात ओतलं, बाटलीला मीठ-चिंच लावून गरम पाण्याने घासली, पालथी घातली. सकाळी भरून ठेवलं परत." तिने पोळी उलटली. "तुम्हीच सांगता ना, पाण्याचा भरोसा नसला की रात्रभर तांब्यात ठेवायचं म्हणून. तीस वर्षं ठेवतेय."

चेतना दारात येऊन उभी राहिली होती. ती खाली बसली, फरशीवरच.

धोंडिरामांना मात्र दुसरंच काही सुचलं होतं. ते ओट्यावरच्या हंड्याकडे बघत होते. "पाण्याचा हंडा? हा हंडा?"

"मग दुसरा कुठे आहे घरात?"

"मी सकाळी ह्यातलं पाणी पिऊन विहारात गेलो, शकु."

"घासला की सकाळी. तीनदा. मग पाणी भरलं."

धोंडिरामांनी विचार केला. खात्याच्या पद्धतीप्रमाणे टाकी तीनदा धुतली की तिच्यात आधी काय होतं याचा प्रश्न उरत नाही. त्यांनी मान हलवली आणि प्रकरण मिटवलं, पण संध्याकाळी त्यांनी हंडा स्वतः चौथ्यांदा घासला.

"आई," चेतना फरशीवरून म्हणाली, "किती वाजता ओतलंस?"

"मालिका संपली तेव्हा."

"म्हणजे?"

"साडेनऊ."

"आणि काढलं कधी?"

"दूध आलं तेव्हा. सहा. का गं? बिघडलं का?"

"झाकण होतं?"

"ताट ठेवलं होतं. उघडं ठेवते का मी कधी?"

चेतनाने वही आणली आणि सगळं लिहून काढलं: साडेआठ तास, तांब्याचा हंडा, वर ताट. तिचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं येत होतं. मग तिने आई-वडिलांना सांगितलं, तांब्याने वास गेला याचा अर्थ तो मुरलेला नाही. गटार नाही. टाकी वाचू शकते. हर्षदला 'सेमच आहे' वाटलं ते तंबाखूमुळे.

"म्हणजे कंटाळलेलंच होतं," धोंडिराम म्हणाले.

"हो, पप्पा."

"मग मी काल काय सांगत होतो?"

या सगळ्यात बाळा गप्प होता, आणि बाळा गप्प असला की काहीतरी संपत आलेलं असतं. चेतनाचं लक्ष गेलं तेव्हा त्याच्या हातात घासलेल्या बाटलीतला दुसरा ग्लास होता.

"काका, ती पिऊ नका. हंड्याचं तांबं उतरलंय तिच्यात. टाकीत घालताना मोजून थेंब घालतात, हे मोजलेलं नाही."

"आता सांगतंस? दोन झाले."

"दोनाने काही होणार नाही. तोंडाला जरा नाण्यांची चव येईल."

"येऊ दे. माझ्या तोंडाक नाण्यांची चव इली तर बायको खूश होतली." पण त्याने ग्लास खाली ठेवला. "चांगली आसा पण. अंड्याखाली लपलेली होती."

दुपारी चेतनाने हर्षदला फोन लावला, स्पीकरवर. हर्षद आधी ऐकत होता, मग त्याने नेमका तोच प्रश्न विचारला जो त्याच्या जागी कोणीही विचारला असता.

"वास कोणी घेतला, ताई? तुमचं नाक तर बंद आहे."

"माझ्या वडिलांनी."

"ते वाइनमधले आहेत?"

चेतनाने वडिलांकडे बघितलं. धोंडिराम टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसत होते.

"पाणी खात्यात होते. मुंबईला. एकतीस वर्षं."

हर्षद बागायतदाराचा मुलगा. त्याच्या गावात आमदाराच्या खालोखाल मान पाटावर पाणी सोडणाऱ्याला होता, आणि तो खालोखालसुद्धा निवडणुकीच्या वर्षीच.

"उद्या घेऊन या त्यांना," तो म्हणाला. "सल्लागार साहेबांसमोर करून दाखवू द्या."

धोंडिराम कुठे जायचं ते विचारून आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. बाळाने सांगितलं, गाडी मी काढतो. त्याला कोणी म्हटलं नव्हतं. शकुने डबा दिला आणि बजावलं, की कोणी विचारलं तर ज्यूसच्या फॅक्टरीत चाललोय म्हणा. मग दारात थांबून तिने त्यात दुरुस्ती केली: "कोणी विचारलं तर जाऊ दे, काय सांगायचं ते सांगा."

पाचला निघून ते दहाच्या आधी दिंडोरीला पोचले. धोंडिराम वायनरीत शिरले आणि वीस मिनिटं नुसते सगळं बघत फिरले. त्यांना वाटलं होतं, काहीतरी अंधारी जागा असेल, पडदे असतील, माणसं हळू बोलत असतील. हे तर जलशुद्धीकरण केंद्र होतं. स्टीलच्या टाक्या, प्रत्येकीवर पाटी, झडपा, पाइप, जमिनीला उतार, उताराला जाळी. त्यांनी जाळीत वाकून बघितलं, जाळी स्वच्छ होती. एका जोडाला हात लावला, हात कोरडा निघाला.

"हे कोण बघतं?" त्यांनी मुकुलला विचारलं.

"चेतना मॅडम."

पुढचा जोड धोंडिरामांनी तपासला नाही.

अकराला भिंतीवरच्या पडद्यावर सल्लागार उगवले. तिकडे पहाट होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर तशी तक्रारही होती. चेतनाने प्रयोगशाळेत सहा ग्लास तयार केले होते. सगळे चार नंबरच्या टाकीतले, त्यांतल्या तीन ग्लासांत तांब्याच्या द्रावणाचे मोजलेले थेंब. ग्लासांचा क्रम मुकुलने लावला आणि कागद हर्षदने खिशात ठेवला. सकाळपासून हर्षदने तंबाखू खाल्ली नव्हती, आणि तो त्यामुळे थोडा हळवा झाला होता.

धोंडिरामांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत घडी करून ठेवला. एक एक ग्लास उचलला.

"आहे. नाही. नाही. आहे. नाही. आहे."

हर्षदने कागद उघडला आणि पडद्यापुढे धरला. सल्लागारांनी चष्मा लावला. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं की, या गृहस्थांचं प्रशिक्षण कुठे झालं.

"म्युनिसिपल," चेतना म्हणाली.

सल्लागारांनी आदराने मान हलवली. त्या नावाची संस्था आपण कशी ऐकली नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला, पण आपलं अज्ञान उघडं न करण्याची शिस्त त्या धंद्यात लहानपणापासून लावतात. त्यांनी सांगितलं की आपल्याकडे पोचलेला नमुना बहुधा प्रवासात उन्हात तापला असावा. हे कुरियरवाल्यावर ढकललं गेलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांनी मात्रा सांगितली. चेतनाने कालच काढलेल्या मात्रेपेक्षा ती किंचित जास्त होती. चेतनाने मान डोलावली आणि स्वतःचीच लिहिली.

"ह्यांना विचारा," सल्लागार जाता जाता म्हणाले, "स्वच्छ ग्लासात त्यांना काय काय जाणवलं? लेबलच्या मजकुराला उपयोगी पडेल."

चेतनाने विचारलं. धोंडिरामांनी एक स्वच्छ ग्लास पुन्हा हुंगला.

"काही नाही," ते म्हणाले. "काही जाणवायला नको, म्हणून तर एवढं केलं."

चेतनाने याचं भाषांतर 'अत्यंत निर्मळ' असं केलं. सल्लागारांनी ते लिहून घेतलं.

पडदा विझल्यावर हर्षदने विचारलं, "मागच्या लेबलवर नाव कसं लिहायचं, ताई? नुसतं चेतना सरवदे, की मधलंही घालू?"

"मधलं घाला," चेतना म्हणाली.

धोंडिराम तेव्हा खिडकीतून द्राक्षांच्या ओळी बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते कळलं नाही. नको मात्र म्हणाले नाहीत.

दुपारी चेतना टाकीवर चढली. शिडी स्टीलची होती आणि डावीकडे किंचित हलत होती. धोंडिरामांनी ती दोन्ही हातांनी धरली. वरून तिने झाकण उघडलं आणि मापाच्या नळीतून हळूहळू द्रावण सोडलं. मुकुलने खालून ढवळणारा पंप सुरू केला.

"झालं?" धोंडिरामांनी विचारलं.

"घालून झालं. आता दोन दिवस थांबायचं, मग परत तपासायचं. मग गाळायचं."

"गाळता कशातून?"

तिने वरूनच सांगितलं.

"आणि द्राक्षं आली की आधी काय करता?"

तिने तेही सांगितलं. देठ काढतात, फोडतात, सालासकट ठेवतात, लाल रंग सालातून येतो. रस पांढराच असतो. हे धोंडिरामांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, सालं वर तरंगत असतील, मग ती बुडवता कशी? चेतना उतरून आली आणि त्यांना त्या टाकीपाशी घेऊन गेली जिथे ती फेब्रुवारीत दिवसातून चार वेळा काठीने सालं बुडवत उभी असायची. काठी कुठली? ही. एवढी जड? हो. एकटीनेच? एकटीनेच. धोंडिरामांनी काठी हातात घेतली, उचलून बघितली, परत ठेवली, आणि पुढच्या टाकीकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हिच्यात काय?"

बाळा गाडीत सीट मागे करून झोपला होता. शकुचा डबा त्याने चारच्या सुमारास एकट्यानेच उघडला, कारण ती दोघं अजून नऊ नंबरच्या टाकीपाशी होती आणि वायनरीत एकूण चौदा टाक्या होत्या.